३७ सीसीची गोष्ट

माझ्या भाच्याला गाड्यांचे आकडे तोंडपाठ आहेत. कुठली किती पीएसची (पीएस म्हणजे ताकदीचं माप, हॉर्सपॉवरसारखंच), किती किलोची, टॉप स्पीड काय, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. दिवाळीच्या सुट्टीत तो हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडवर आला, लेथशेजारच्या स्टुलावर बसला आणि मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "मामा, हे पाहा. कावासाकीची निंजा झेडएक्स-६आर. होंडाची ६००, यामाहाची ६००, सुझुकीची ६००, आन् हे एकटीच ६३६. काऊन? ३७ सीसीनं असा कोणता मोठा फरक पडते?"

मी बावीस वर्षं बोअरिंगचं काम करतोय. घासलेली सिलिंडरं आतून कोरून मोठी करायची, त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा, हा रोजचा धंदा. त्यामुळे प्रश्न थेट माझ्या मशीनचाच होता. हातातलं काम बाजूला ठेवलं.

पुढच्या चाकाच्या फोर्कमध्ये, म्हणजे शॉकअपमध्ये, ऑइल मोजून भरायला आम्ही औषधाच्या दुकानातली सिरिंज वापरतो. ती घेतली. गाडीला चार सिलिंडर, म्हणजे ३७ भागिले ४, एका सिलिंडरच्या वाट्याला नऊ मिलिलिटर आणि वर थोडंसं. तेवढं ऑइल ओढलं आणि पाण्याच्या बाटलीच्या झाकणात सोडलं. झाकण काठोकाठ भरलं, उरलेलं बाकावर ओघळलं. "एवढंच," मी म्हटलं. "एका सिलिंडरमागे एवढीच जागा वाढली. पण ही जागा कावासाकीनं दोनदा वाढवली, मधे एकदा काढून टाकली, आणि दोन्ही वेळा वाढवायची पद्धत वेगळी होती."

ती सगळी गोष्ट इथे नीट लिहून काढतोय, कारण एका गाडीची मॉडेल वर्षं ओळीने वाचता आली की इंजिनाचं बरंचसं शास्त्र आपोआप कळतं.

आधी सीसी म्हणजे काय ते पक्कं करू. पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली होतो. सिलिंडरचा आतला व्यास म्हणजे बोअर. पिस्टन खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत जेवढं अंतर चालतो तो स्ट्रोक. व्यासावरून गोलाचं क्षेत्रफळ काढा, त्याला स्ट्रोकने गुणा, मग सिलिंडरच्या संख्येने गुणा. आली सीसी. स्प्लेंडरचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक ४९.५, म्हणून ती ९७ सीसी. जुन्या बुलेट ३५०चा बोअर ७० आणि स्ट्रोक ९०, उंच डब्यासारखा. म्हणून तिचा ठोका तसा सावकाश आणि जड. झेडएक्स-६आरचा पिस्टन याच्या बरोबर उलटा, बसक्या डब्यासारखा: व्यास मोठा, चाल तोकडी.

पहिली झेडएक्स-६आर १९९५ साली आली. बोअर ६६, स्ट्रोक ४३.८ मिलिमीटर. कॅल्क्युलेटरवर टाकून पाहा, चार सिलिंडरचे मिळून ५९९.४ सीसी येतात. हा आकडा ६००च्या जेमतेम खाली आहे आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला आहे.

त्याचं कारण रेसिंगचा नियम. दुकानात मिळणाऱ्या गाड्यांवरून तयार केलेल्या मशीनींची जी सुपरस्पोर्ट शर्यत चालते, तिच्यात चार सिलिंडरच्या इंजिनाला ६०० सीसीची हद्द होती. तीन सिलिंडरला ६७५, दोन सिलिंडरला ७५०. सिलिंडर कमी तर सीसी जास्त, अशी सवलत. यामागचा विचार सरळ आहे. तेवढीच सीसी जास्त सिलिंडरांत वाटली की प्रत्येक पिस्टन लहान आणि हलका होतो, आणि हलका पिस्टन जास्त वेगाने नाचवता येतो. मग चार सिलिंडरवाल्याला आकारात लगाम घालायलाच हवा. या शर्यतीत जी गाडी उतरवायची ती कंपनीला आधी तुम्हा-आम्हाला विकावी लागते. थोडक्यात, रस्त्यावरच्या ग्राहकाच्या गाडीचं इंजिन किती मोठं असावं हे रेसिंगच्या नियमपुस्तकानं ठरवलं होतं. होंडाची सीबीआर६००, सुझुकीची जीएसएक्स-आर६००, १९९९ची यामाहा आर६, सगळ्या त्याच रेषेवर उभ्या.

कावासाकीचं त्या शर्यतीत नाव होतं. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू पिटने झेडएक्स-६आरवरच सुपरस्पोर्टचं जागतिक विजेतेपद मिळवलं. आणि नेमकं त्याच्या पुढच्याच वर्षी, २००२ साली, कंपनीनं रस्त्यासाठीची गाडी नियमाबाहेर नेली. ६३६ सीसी. शर्यतीत चालणार नाही, हे माहीत असून.

कसं केलं? स्ट्रोक तोच ठेवला, ४३.८. बोअर ६६चा ६८ केला. आमच्या भाषेत, बोर मारला. माझ्याकडे कुणी घासलेलं सिलिंडर घेऊन आलं तर मीही हेच करतो. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खालीनं फिरणारा दांडा, तोच; त्याला पिस्टन जोडणारा कनेक्टिंग रॉड तोच, फक्त भोक मोठं आणि पिस्टन त्या मापाचा. कमी खर्चात सीसी वाढवायचा हा सगळ्यात सोपा रस्ता.

पण त्याला हद्द असते. चार सिलिंडर एका रांगेत शेजारी-शेजारी असतात आणि दोघांमधली भिंत पातळच असते. बोअर वाढवला की ती आणखी पातळ होते. माझ्या रॅकवर एक तडकलेली स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, ठेवलेली आहे. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मालकाच्या आग्रहाला बळी पडून मी एका सिलिंडरला हद्दीबाहेर बोर मारला होता. दोन महिन्यांनी, उन्हाळ्यात, तो माणूस ती गाडी टेम्पोत घालून परत घेऊन आला. स्लीव्हला वरपासून अर्ध्यापर्यंत उभी चीर. चूक माझी होती, मी नाही म्हणायला हवं होतं. नवीन पोरगा कामावर आला की ती स्लीव्ह मी त्याच्या हातात देतो आणि चिरेवरून नख फिरवायला सांगतो.

२००३ साली गाडी जवळजवळ नवीच झाली. कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, पुढचा फोर्क उलटा झाला, म्हणजे जाड नळी वर आणि बारीक खाली, आणि ब्रेकचे कॅलिपर रेडियल बसवले. रेडियल म्हणजे कॅलिपरचे बोल्ट डिस्कच्या रेषेत, मागून पुढे आवळलेले. जोरात ब्रेक दाबला तरी कॅलिपर वाकत नाही आणि बोटाला ब्रेकचा अंदाज नीट येतो. त्याच वेळी कावासाकीनं एकाच नावाच्या दोन गाड्या ठेवल्या. रस्त्यावरच्यांसाठी ६३६, आणि शर्यतवाल्यांसाठी झेडएक्स-६आरआर, तिचा बोअर ६७, स्ट्रोक ४२.५, सीसी पुन्हा ५९९. दोघींचा चेहरा एकच, आतलं गणित वेगळं. २००५ मध्ये सायलेन्सर सीटखाली गेला. त्या काळी ती फॅशनच होती. दिसायला सुरेख, पण वजन वर चढतं आणि सीट तापते. मला तो बदल कधीच पटला नाही.

मग २००७. ६३६ बंद. दोन गाड्यांचा संसार मोडला आणि एकच ५९९ची झेडएक्स-६आर उरली, ६७ बाय ४२.५. कंपनी पुन्हा नियमपुस्तकाकडे वळली होती. २००९ मध्ये तिच्यावर मेहनत घेऊन साधारण १० किलो वजन उतरवलं, सायलेन्सर सीटखालून काढून खाली बाजूला आणला, आखूड केला आणि पुढे शोवा कंपनीचा बिग पिस्टन फोर्क बसवला. जुन्या पद्धतीच्या फोर्कमध्ये डॅम्पिंग करणारा, म्हणजे धक्का मुरवणारा, आतला पिस्टन २० मिलिमीटरचा असायचा, यात ३७चा. मोठ्या पिस्टनमुळे आतल्या ऑइलवरचा दाब कमी राहतो आणि फोर्क हळुवार हलतो. ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक एकदम खाली बसत नाही. वर्धा रोडच्या उड्डाणपुलावरून खाली उतरताना सिग्नल लाल दिसला की पुढच्या फोर्कचं जे होतं, ते डोळ्यापुढे आणा.

या २००९च्या गाडीचे दोन आकडे लक्षात ठेवा, कारण पुढे ते लागणार आहेत. ताकद १२८ पीएस, १४,००० आरपीएमला, म्हणजे क्रँक मिनिटाला तेवढ्या फेऱ्या मारत असताना. टॉर्क ६६.७ न्यूटन-मीटर, ११,८०० आरपीएमला.

टॉर्क आणि ताकद यांत भाचाच काय, बरेच जाणते लोकही गोंधळतात. एक घट्ट बसलेला नट पान्याने सोडवतोय असं समजा. पान्याच्या टोकाला तुम्ही जो जोर लावता तो गुणिले पान्याची लांबी, हा टॉर्क. नुसता पीळ. एका मिनिटात तो पीळ तुम्ही किती वेळा देऊ शकता, हे त्यात धरलं की झाली ताकद. इंजिनात एका स्फोटानं क्रँकला जो पीळ बसतो तो टॉर्क, आणि तो पीळ गुणिले आरपीएम म्हणजे पीएस. ६०० सीसीची स्पोर्ट बाइक १२८ पीएस काढते ती पिळाच्या जोरावर नाही, फेऱ्यांच्या जोरावर. ६६ न्यूटन-मीटर हा काही राक्षसी पीळ नाही. तो मिनिटाला बारा-चौदा हजार वेळा मिळतो, हे तिचं सामर्थ्य.

आता नागपूरच्या रस्त्यावर या. सीताबर्डीतून निघून मेहाडिया चौक, तिथून वर्धा रोडला लागेपर्यंत काटा बारा हजारावर जातो का? शहरात बहुतेक वेळ तो तीन ते सहा हजारांत असतो. तिथे या जातीच्या इंजिनाकडे द्यायला फार काही नसतं. सगळी मेजवानी वरच्या मजल्यावर, आणि आपण तळमजल्यावर. ५९९ची हीच अडचण होती.

२०१३ मध्ये कावासाकीनं ६३६ परत आणली. माझ्या मते या गाडीच्या सगळ्या मॉडेल वर्षांत हे वर्ष सगळ्यात महत्त्वाचं. ट्रॅक्शन कंट्रोल आलं, दोन पॉवर मोड आले, असिस्ट आणि स्लिपर क्लच आला. हे सगळं जाहिरातीत ठळक छापून आलं. खरा बदल मात्र आत होता. या वेळी बोअरला हात लावला नाही. ६७ तो ६७च. स्ट्रोक ४२.५चा ४५.१ केला.

मी व्हर्नियर कॅलिपर २.६ मिलिमीटरवर उघडून भाच्याच्या हातात दिला. माचिसची काडी त्या फटीतून आरपार गेली, थोडी सैलच. "एवढा?" तो म्हणाला. "एवढासाच, बाबा. पण हा बोअरिंग मशीनवर होत नाही."

स्ट्रोक क्रँकशाफ्ट ठरवतो. क्रँकच्या मध्यापासून रॉड जिथे बसतो ती पिन जेवढी लांब, त्याच्या दुप्पट स्ट्रोक. २.६ मिलिमीटरनं स्ट्रोक वाढवायचा म्हणजे पिन १.३ मिलिमीटरनं बाहेर सरकवायची, म्हणजे क्रँक नवा ओतायचा, नवा ग्राइंड करायचा, तोल नवा साधायचा. पिस्टन आता जास्त वर आणि जास्त खाली जाणार, तेव्हा उंचीचा सगळा हिशोब नव्यानं मांडायचा. २००२चं काम माझ्यासारख्या माणसाला कळण्याजोगं होतं. २०१३चं काम कारखान्याचंच. दोन्हीकडून बेरीज मात्र सारखीच, ६३६.

मग निकाल काय? २०१३ची ताकद १३१ पीएस, १३,५०० आरपीएमला. टॉर्क ७१ न्यूटन-मीटर, ११,५०० ला. आता २००९शी ताडून बघा. सीसी वाढली सहा टक्के. टॉर्क वाढला सहा टक्क्यांच्या किंचित वर. आणि ताकद? दोन टक्के, वर थोडंसं.

इथे भाचा अडला. "टॉर्क सहा टक्के वाढला, तर पीएस पण सहा टक्के वाढाले पाह्यजे ना मामा?"

वाढला असता, जर फेऱ्या तेवढ्याच राहिल्या असत्या. पण शिखर १४,००० वरून १३,५०० वर उतरलं. याचं कारण समजलं की अर्धं इंजिन समजलं. स्ट्रोक ४५.१ मिलिमीटर. क्रँकच्या एका फेरीत पिस्टन एकदा वर, एकदा खाली, म्हणजे ९०.२ मिलिमीटर चालतो. १३,५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २२५ फेऱ्या. गुणाकार करा: सेकंदाला २० मीटरच्या वर. ताशी सुमारे ७३ किलोमीटर. हा सरासरी वेग झाला. प्रत्येक फेरीत पिस्टन दोनदा पूर्ण थांबतो आणि उलट दिशेला धावतो, म्हणजे सेकंदाला ४५० वेळा थांबायचं आणि पुन्हा सुसाट सुटायचं. रॉडवर, पिनवर, रिंगांवर जो ताण येतो तो या धावपळीचा. ५९९चा पिस्टन १४,००० ला सेकंदाला १९.८ मीटर चालत होता. म्हणजे फेऱ्या कमी करूनही नवा पिस्टन जुन्यापेक्षा जास्तच पळतोय. १४,००० ठेवल्या असत्या तर २१ मीटरवर गेला असता. कंपनीनं तिथे हात आवरला.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो, कारण गॅरेजमध्ये तो रोज ऐकतो. "स्ट्रोक लांब, म्हणून टॉर्क जास्त, कारण क्रँकचा दांडा लांब होतो." हे अर्धंच खरं आहे. दांडा लांब झाला हे बरोबर. पण सीसी तीच ठेवून स्ट्रोक लांब केला तर बोअर बारीक करावा लागतो, मग पिस्टनचा माथा लहान होतो आणि त्यावरचा एकूण जोर कमी होतो. एका हातानं मिळालं, दुसऱ्या हातानं गेलं. टॉर्क मुळात सीसीच्या मागे जातो, सिलिंडरमध्ये किती हवा-पेट्रोल मावतं त्याच्या मागे. ६३६ला सहा टक्के टॉर्क मिळाला तो सहा टक्के सीसी वाढली म्हणून. तीच ३७ सीसी बोअर वाढवूनही मिळाली असती, आणि २००२ मध्ये मिळालीही होती. लांब स्ट्रोकनं वेगळं काम केलं. त्यानं फेऱ्यांवर लगाम घातला, आणि मग बाकी सगळी ट्यूनिंग थोडी खालच्या आरपीएमसाठी बांधता आली. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन हवा-पेट्रोल किती पट दाबतो तो आकडा, तोही १३.३ वरून १२.९ वर आणला. कॉम्प्रेशन जास्त असलं की तापलेल्या इंजिनात पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच आपोआप पेटायची भीती असते, तो टिकटिक आवाज येतो ना, नॉकिंगचा. आपल्याकडच्या मे महिन्यासाठी ०.४ चा हा उतार फार शहाणपणाचा आहे.

ही गाडी मी एकदाच चालवली आहे. धरमपेठेतल्या एका ओळखीच्या माणसाकडे २०१९ची ६३६ आहे. डिसेंबरातल्या एका पहाटे आम्ही कामठी, कन्हान करत मनसरपर्यंत गेलो आणि तिथून पुढे देवलापारच्या रस्त्याला काही किलोमीटर त्यानं हँडल माझ्या हातात दिलं. सहाव्या गिअरमध्ये, चार हजाराच्या आसपास, एका ट्रकच्या मागे होतो. गिअर न पाडता फक्त थ्रॉटल उघडला. झटका नाही, पण गाडी कुरकुरलीही नाही. हळूहळू, घट्ट, जिना चढावा तशी वर सरकत गेली आणि ट्रक मागे पडला. मग एक मोकळा सरळ पट्टा मिळाला, दोन गिअर पाडले, काटा नऊ हजाराच्या पुढे गेला आणि आवाजच बदलला. चारही सिलिंडरांचा मिळून एक लांब, चिरत जाणारा सूर. हेल्मेटच्या आत माझ्या अंगावर काटा आला. बावीस वर्षं सिलिंडरं हातात घेतोय, पण त्यातून असा आवाज निघतो हे त्या दिवशी ऐकलं.

भारतात ही गाडी कंपनीनं २०१९ मध्ये अधिकृतपणे विकायला काढली, एक्स-शोरूम १० लाख ४९ हजारांना. चेहरा नवा, एलईडी दिवे, क्विकशिफ्टर, म्हणजे वर गिअर टाकताना क्लच दाबायची गरज नाही. आणि एक बदल असा की शोरूममध्ये कुणी सांगत नाही: पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी केला. १६चे १५. चेन लावणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला याचा अर्थ लगेच कळतो. त्याच वेगाला इंजिन जवळपास साडेसहा टक्के जास्त फिरतं, चाकाला पीळ जास्त मिळतो, टॉप स्पीडकडे थोडं दुर्लक्ष होतं. आमच्याकडे मालवाहू गाड्यांवाले चढासाठी नेमकं हेच करून घेतात. कावासाकी त्याच दिशेनं आणखी एक पाऊल गेली होती: नियमपुस्तकापासून दूर, रोजच्या रस्त्याकडे.

मग १ एप्रिल २०२० ला बीएस६ हा धुराचा नवा नियम लागू झाला आणि ही गाडी आपल्या बाजारातून गेली. एकटी तीच नाही. युरोपात तसाच युरो ५ आला आणि यामाहाची आर६ तिथल्या रस्त्यांवरून २०२० नंतर उतरली, नंतर फक्त ट्रॅकसाठी उरली. होंडाची सीबीआर६००आरआर तर तिथून २०१७ मध्येच गेली होती. एक अख्खी जात संपत चालली, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

या जातीलाच धुराचे नियम एवढे का बोचले, ते समजून घेण्यासारखं आहे. १३,५०० आरपीएमला पिस्टनला खाली जाताना हवा ओढायला किती वेळ मिळतो? एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले दोन, वर थोडं. एवढ्या वेळात सिलिंडर भरायचा तर इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या आधीच उघडावे लागतात, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडे उशिरा बंद करावे लागतात. मधे काही क्षण दोन्ही दारं एकदम उघडी. याला ओव्हरलॅप म्हणतात. वरच्या आरपीएमला ही युक्ती छान चालते, बाहेर धावणारा धूर नव्या हवेला मागून ओढून आणतो. पण तेच दार तीन-चार हजारावरही तसंच उघडं राहतं, आणि तिथे धुराला ती धाव नसते. मग न जळालेलं पेट्रोल सरळ समोरच्या दारानं सायलेन्सरमध्ये. धुराची चाचणी होते ती याच शहरी वेगांवर. वरच्या मजल्यासाठी बांधलेलं घर, आणि तपासणी तळमजल्याची.

उपाय म्हणून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा आकार सौम्य करायचा, धूर साफ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मोठे लावायचे, आणि शिखराच्या पीएसवर थोडं पाणी सोडायचं. कावासाकीनं हे केलं. २०२४ च्या जानेवारीत झेडएक्स-६आर आपल्याकडे परत आली, ११ लाख ९ हजारांना एक्स-शोरूम. टीएफटी डिस्प्ले, रायडिंग मोड, नवा चेहरा. ताकद २०१९च्या १३० पीएसवरून १२९. टॉर्क ७०.८ वरून ६९, आणि दोन्ही थोड्या कमी आरपीएमला. ६३६ ला हे थोडं सोपं गेलं असणार, असं माझं मत आहे. जिचा सगळा जीव शिखरात होता तिला शिखर सोडणं जड गेलं. हिनं फेऱ्यांचा हट्ट २०१३ मध्येच सोडला होता.

आणि शर्यतीचं काय झालं? सुपरस्पोर्टच्या नियमांनीच २०२२ पासून मोठ्या इंजिनांना दार उघडलं. २०२३ आणि २०२४ ची विजेतेपदं ड्युकाटीच्या पानिगाले व्ही२ वर गेली. दोन सिलिंडर, ९५५ सीसी. इतकी वर्षं ज्या ६००च्या रेषेसाठी इंजिनांची मापं बेतली गेली, ती रेष ओढणाऱ्यांनीच पुसली. त्या रेषेआतलं या गाडीचं यशही मोठं आहे हे सांगायला हवं. तुर्कस्तानच्या केनान सोफुओग्लूच्या पाच विजेतेपदांपैकी तीन कावासाकीवरची आहेत: २०१२, २०१५ आणि २०१६. यातल्या शेवटच्या दोन वेळी रस्त्यावर ६३६ विकली जात असताना शर्यतीत ५९९ धावत होती.

भाच्याला हे सगळं पटलं, फक्त २०२४ चा एक पीएस त्याच्या घशाखाली उतरेना. "कमी तर झालीच ना मामा. नवी गाडी, पैसे जास्त, आन् पॉवर कमी."

मी त्याला म्हटलं, आता हवेचा हिशोब करू. इंजिन हवा खातं, आणि हवा तापली की विरळ होते. डिसेंबरातल्या पहाटे आपल्याकडे १० अंश असतात, मे महिन्यातल्या दुपारी ४५. केल्विनमध्ये मांडलं तर २८३ आणि ३१८. म्हणजे मे महिन्यातल्या हवेत, तेवढ्याच जागेत, ११ टक्के कमी प्राणवायू. समोरची हवा इंजिनात ढकलणारी, नाकासमोरची रॅम एअरची फट यावर फार मदत करत नाही. ताशी १०० ला समोरून येणाऱ्या हवेचा जास्तीचा दाब अर्धा टक्काही भरत नाही, आणि रिंग रोडवर तर गाडी शंभरलाही जात नाही. ताकद अगदी ११ टक्के घटते असं नाही, कारण हवा आत जाता जाता इंजिनाच्या गरमीनंही तापतेच, पहाटेची असो वा दुपारची. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, गाडी मोजताना तापमानासाठी जी दुरुस्ती करतात तिच्यात या भागाकाराचं वर्गमूळ घेतात. ३१८ भागिले २८३, त्याचं वर्गमूळ.

त्यानं मोबाइलवर केलं. १.०६ आलं.

"सहा टक्के," तो म्हणाला. मग थोडा वेळ गप्प बसला, आणि बाकावर सांडलेल्या ऑइलकडे बघत म्हणाला, "म्हणजे मामा, ३७ सीसीनं जेवढं देल्लं, तेवढं मे महिन्यातली दुपार घेऊन जाते?"

जवळपास तेवढंच. म्हणूनच तर आम्ही पहाटे पाचला निघालो होतो.